टिनाच्या शेडात विमानाचा पंख: विदर्भात किट-विमान बांधणाऱ्यांसाठी

साडेतीन मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा दहा अंशांनी तापला की पाऊण मिलिमीटरहून जास्त वाढतो. पंखाच्या पत्र्यातलं भोक आणि त्यात बसणारा रिव्हेट यांच्यात मोकळीक असते ती मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्शाची. मे महिन्यात हिंगणघाट काय, दारव्हा काय, टिनाच्या शेडात पहाटे आणि दुपारी वीस अंशांचा फरक सहज पडतो. काल संध्याकाळी जुळलेली भोकं आज दुपारी जुळत नाहीत, मग कोणीतरी ड्रिल घालून ती "थोडीशी" मोठी करतं. पंखाचं वाटोळं इथून सुरू होतं. म्हणून खाली हत्यारांइतकंच घड्याळ आणि थर्मामीटर यांच्याबद्दल लिहिलं आहे.

हे सगळं पूर्ण धातूच्या, भोकं आधीच पाडून येणाऱ्या किटबद्दल आहे. अमेरिकेतल्या व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही-७, आरव्ही-९ या जातीच्या. झेनिथसारख्या किटमध्ये भरीव रिव्हेटऐवजी ओढून बसवायचे पोकळ रिव्हेट असतात. तिथे ठोकण्याचा भाग गळतो, बाकी ओळंबा, ऊन आणि स्वच्छता तीच. तुमच्या किटच्या पुस्तिकेत वेगळं काही सांगितलं असेल तर पुस्तिका खरी.

कागदांचं थोडक्यात. किटची ऑर्डर देण्याआधी डीजीसीएशी (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी) लेखी बोलून घ्या, नंतर नाही. १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला आहे, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नका. "५१ टक्के काम स्वतः केलं की झालं" हा एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचा नियम. त्याच्या भरवशावर इथे परवानगी गृहीत धरता येत नाही. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांना नोंदणी आणि उड्डाणाच्या परवानगीसाठी किती वर्षं धडपडावं लागलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. प्रत्येक दिवसाच्या कामाची वही ठेवा: तारीख, शेडातलं तापमान, कोणता भाग, किती रिव्हेट, आणि फोटो. पत्रा बंद झाल्यावर आत काय आहे हे दाखवायला ते फोटोच उरतात.

शेड

एका पंखाला सहा मीटर बाय साडेतीन मीटर मोकळी जागा पुरते. खाली सिमेंटचा कोबा हवा. शेणाच्या सारवणावर किंवा फरशीच्या हलत्या तुकड्यांवर स्टँड उभा करू नका. टिनाला वरून पांढरा चुना मारा आणि खाली थर्माकोलचं किंवा ताडपत्रीचं छत ताणा, तापमान काही अंशांनी उतरतं. टिनाला भोकं असतील तर बुजवा. भोकातून आलेला उन्हाचा एक कवडसा पत्र्यावर पडला की तेवढाच भाग फुगतो, आणि फुगलेल्या अवस्थेत तिथे रिव्हेट बसले तर ती लाट पंखात कायमची राहते.

जुना कोठा वापरणार असाल तर आधी त्यातलं खत बाहेर काढा. युरियाची, डीएपीची, मिठाची पोती त्या छपराखाली नकोत. खताची धूळ हवेतलं पाणी ओढते आणि ती ओली धूळ ॲल्युमिनियम खाते. गुरं शेजारीच बांधत असाल तर मध्ये पक्की भिंत हवी, कारण गोमूत्राचा अमोनियाही धातूला बरा नाही. कापसाच्या दिवसांत बोंडांची धूळ आणि तंतू सगळीकडे उडतात. प्रायमर मारायच्या दिवशी शेजारच्या खोलीत कापूस भरला जात नाही ना, ते पाहा.

कूलरबद्दल वेगळं सांगावं लागतं. माणसाला कूलर हवा, पत्र्याला नको. कूलरचा झोत पत्र्यावर आला की पत्रा गार होतो आणि आतला सांगाडा गरमच राहतो. त्या अवस्थेत रिव्हेट मारले की दोन्ही एका तापमानाला आल्यावर पत्रा ढिला पडतो आणि अंगठ्याने दाबल्यावर तेलाच्या डब्यासारखा टक् टक् करतो. शिवाय कूलरची हवा दमट. तिच्यात मारलेला इपॉक्सी प्रायमर पांढुरका होतो आणि नखाने सुटतो.

कॉम्प्रेसर सिंगल फेजवर चालणारा, दोन हॉर्सपॉवरचा, ५० लिटरच्या टाकीचा चालेल. शेतीच्या फीडरवरची वीज रात्री येते या हिशेबाने काम लावू नका, घरगुती जोडणी घ्या. पावसाळ्यात कॉम्प्रेसरची टाकी रोज खालून रिकामी करा. पेलाभर पाणी निघतं आणि ते नाही काढलं तर रिव्हेट गनमधून थेट तुमच्या पत्र्यावर येतं.

पेटी उघडल्यावर

पहिले दोन दिवस फक्त मोजणी. यादी हातात घेऊन प्रत्येक भाग, प्रत्येक पुडी. उणीव असेल तर कळवायची मुदत असते आणि ती लवकर संपते.

पत्र्यांवर निळसर किंवा पांढरी प्लास्टिकची झिल्ली असते. ओरखड्यांपासून तिचा उपयोग आहे, पण इकडच्या उन्हाळ्यात एक मोसम पडून राहिली की तिचा गोंद भाजल्यासारखा चिकटतो. पावसाळ्यात तिच्याखाली पाणी शिरलं तर पांढरे डाग पडतात, ते मग नुसते डाग नसतात, गंज असतो. रिव्हेटच्या रेषेवरून बोटभर रुंदीची पट्टी काढून टाका, बाकीची काही काळ ठेवली तरी चालेल, एवढंच की उन्हाळ्यापूर्वी निघाली पाहिजे. पट्टी कापायला सोल्डरिंग आयर्न वापरा, टोक कानशीने गोल करून. ब्लेड कधीही नाही. ब्लेडचा ओरखडा डोळ्याला दिसत नाही, पण चीर तिथूनच चालू होते.

रिव्हेट वेगवेगळ्या बरण्यांत ठेवा आणि झाकणावर नंबर लिहा. नंबर वाचायची पद्धत सोपी आहे. एएन ४२६ म्हणजे पत्र्याच्या पातळीत बसणारं चपटं डोकं, एएन ४७० म्हणजे वर राहणारं गोल डोकं. एडी हा मिश्रधातू. पुढचा आकडा जाडीचा, इंचाच्या बत्तिसाव्या भागात; त्यापुढचा लांबीचा, सोळाव्या भागात. म्हणजे एएन ४२६ एडी ३-३.५ हा ३/३२ इंच जाडीचा, आपल्या मिस्त्रीच्या भाषेत पाऊण सुताचा. एडी ४ एक सुताचा. एडी रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध बारीक खळगा असतो, तो नखाला लागतो. डोकं सपाट असेल तर तो मऊ ॲल्युमिनियमचा, त्याला पंखात जागा नाही. नागपूरच्या इतवारीतल्या दुकानातले दिसायला तसेच रिव्हेट बाजूला ठेवा.

ड्रिलचंही तसंच. पाऊण सुताच्या रिव्हेटला ४० नंबरचं ड्रिल लागतं, २.४९ मि.मी.; आपल्याकडचं २.५ चाललं. एक सुताला ३० नंबर, ३.२६ मि.मी.; इथे ३.२ घट्ट होतं आणि ३.३ सैल, म्हणून ३० नंबरची डझनभर ड्रिलं किटसोबतच मागवा. बोथट ड्रिल फेकून द्या. काउंटरसिंकची, म्हणजे चपटं डोकं बसायला भोकाचं तोंड उतरतं कोरायची बिट बाजारात ९० अंशांची मिळते. विमानाच्या रिव्हेटचं डोकं १०० अंशांचं असतं.

बरगड्या

आराखड्यात ज्यांना रिब म्हणतात त्या बरगड्या साच्यात दाबून काढलेल्या असतात. त्यामुळे दोन खोडी त्यांच्यात असतातच: कडेची पट्टी काटकोनात नसते आणि संपूर्ण बरगडी केळ्यासारखी किंचित वाकलेली असते. हे काम कंटाळवाणं आहे आणि याच कामात पंख सरळ होतो.

बरगडी सपाट काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवा. गुण्या लावून कडेची पट्टी पाहा. बाहेर कललेली असेल तर लाकडी ठोकळ्याच्या आधाराने हाताने आत आणा, हातोड्याने नको. मग बरगडी पोटावर ठेवून दोन्ही टोकं टेबलाला टेकतात का ते पाहा. एक टोक उचललेलं असेल तर फ्लूटिंग पक्कड घ्या. पट्टीवरच्या दोन भोकांच्या मध्ये पक्कड धरून हलकं दाबा. पट्टीत एक छोटी घडी पडते, पट्टी तेवढी आखडते आणि बरगडी सरळ होत जाते. एका जागी जोर लावण्यापेक्षा चार जागी थोडं थोडं दाबा. शेवटी पट्टीवरच्या भोकांच्या रांगेला पोलादी पट्टी लावा. सगळी भोकं एका ओळीत आली की झालं. घडी भोकावर आली तर ती बरगडी गेली समजा, कारण तिथे पत्रा टेकणारच नाही.

त्यानंतर कडा. साच्याने कापलेल्या कडेला बर (कापताना उरलेली बारीक खरखरीत धार) असते, ती स्कॉच-ब्राइटच्या चाकावर काढा. बरगडीच्या नाकाशी असलेल्या बारीक खाचा चाकाला पोचत नाहीत. तिथे सुईकानस आणि पॉलिश पेपर. चिरा पडतात त्या याच खाचांतून, आणि कारखान्याच्या चकचकीत दिसणाऱ्या भागातही खाच खरखरीत असते. कापसाचा बोळा कडेवरून फिरवून पाहा: तंतू अडकला तर काम बाकी आहे. बोळ्याची आपल्याकडे वाण नाही.

क्लेको, भोकं, खळगे

बरगड्या आणि स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारी तुळई) जुळवून पत्रा वर ठेवा आणि क्लेको लावा. ही स्प्रिंगची तात्पुरती खिळी असते. ४० नंबरच्या भोकाची चंदेरी, ३० नंबरची तांबूस. सुरुवातीला प्रत्येक चौथ्या भोकात, मग दुसऱ्या. मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे जा. एका पंखाला चारेकशे क्लेको असले तर काम अडत नाही, दोनशेत अडतं.

पत्रा चढवायच्या आधी रात्रभर त्याच शेडात राहू द्या. बाहेरच्या खोलीतून आणून लगेच लावायचा नाही. सकाळी सहा ते नऊ, टिन तापायच्या आत, सांगाडा आणि पत्रा दोन्ही एका तापमानाला असतात. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर खोटं वाचतो. दोन्हींवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून टेपवर नेम धरा. फरक दोन अंशांच्या आत असेल तर पुढे चला. नऊनंतर दुसरी कामं काढा. क्लेको सहज जात नाही म्हणजे भोक लहान आहे असं नसतं. बहुतेक वेळा पत्रा तापलेला असतो. उद्या सकाळी पुन्हा पाहा.

भोकं शेवटच्या मापाला आणली की सगळं उतरवायचं आणि प्रत्येक भोकाची दोन्ही बाजूंनी बर काढायची. बर काढायचं हत्यार हाताने दोन फेरे, वजन न देता. चार फेरे दिलेत तर भोकाची कड धारदार होते आणि पत्रा तिथे पातळ होतो. मग खळगे. ०.०३२ इंच, म्हणजे ०.८ मि.मी.पेक्षा पातळ पत्रा काउंटरसिंक करायचा नाही. डायमध्ये दाबून खळगा पाडायचा. खळगा बरोबर पडला की त्याच्याभोवती गोल कंगोरा स्वच्छ उठतो. पत्रा ट्यूबलाइटखाली तिरपा धरा. नळीचं प्रतिबिंब खळग्यापर्यंत सरळ येऊन तिथे एकदम तुटलं तर ठीक. खळग्याच्या आधीच ते वाकायला लागलं तर दाब कमी पडला आहे आणि तो पत्रा रिव्हेट केल्यावर भोकाभोवती थाळीसारखा दिसेल.

जाड स्पारच्या पट्टीवर मात्र काउंटरसिंकच करावं लागतं. खोली ठरवणारा पिंजरा लावल्याशिवाय ते करू नका. भंगारातल्या तशाच जाडीच्या तुकड्यावर आधी पाच भोकं करा, खळगा पाडलेल्या पत्र्याचा तुकडा त्यात बसवून बोट फिरवा, मग स्पारला हात लावा. स्पार एकच असतो.

धुणं आणि प्रायमर

आतले भाग प्रायमर मारण्याआधी धुवावे लागतात, आणि इथे पूर्णेच्या खोऱ्यातल्यांनी जपावं. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्याच्या बोअरचं पाणी ॲल्युमिनियमला विष आहे. त्यातले क्षार सुकून पत्र्यावर बसतात, वरून प्रायमर चढतो आणि दोन पावसाळ्यांनी प्रायमरखाली फोड येतात. पहिलं धुणं कोणत्याही गोड्या पाण्याने करा, शेवटचं बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने. सहा-सात लिटरमध्ये एका पंखाच्या बरगड्या होतात. त्यानंतर उघड्या हाताने भाग धरायचा नाही. घामातही मीठच असतं.

पावसाळ्यात प्रायमर मारू नका. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की कोणत्याच डब्याची हमी चालत नाही, आणि श्रावणात ती रोज जाते. दिवाळीनंतरची सकाळ, दहा ते बारा, ही वेळ उत्तम. थर पातळ मारा. खालची धातूची चमक अंधुक दिसत राहिली तर चालतं. जाड थर वजन वाढवतो आणि खळग्यांत साठतो.

स्टँड आणि ओळंबा

दोन खांब, त्यांवर आडवे हात, त्या हातांवर पंख. मुख्य स्पार वर, मागचा स्पार खाली लोंबता. खांबांना अल्लापल्लीचं सागवान वापरायचा मोह होईल. देखणं होतं, पण लाकूड पावसाळ्यात फुगतं. चार इंची चौकोनी लोखंडी पाइप घ्या आणि कोब्यात अँकर बोल्टने बसवा. वर टिनाच्या कैच्यांना बांधू नका: वैशाखातलं वावधान आलं की छप्पर हलतं आणि पंख त्याच्यासोबत हलतो.

स्पारचं एक टोक घट्ट आवळा, दुसरं टोक फक्त टेकू द्या, लांबीत सरकता येईल असं. दोन्हीकडे आवळलं तर वीस अंशांच्या चढउतारात स्पारला दीडेक मिलिमीटर वाढायला जागा मिळत नाही आणि तो मधून पोट काढतो.

आता पीळ पाहायचा. स्पारच्या वरच्या कडेवरून दोन ओळंबे सोडा, एक मुळाशी, एक टोकाशी. मिस्त्रीचे पितळी ओळंबे चालतात; दोरी मात्र नायलॉनची, बारीक. ओळंब्याचं टोक वाटीभर तेलात बुडवा म्हणजे डोलणं थांबतं. पंखे बंद. आता दोरीपासून मागच्या स्पारपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. ज्या पंखाला आराखड्यातच पीळ दिलेला नाही त्यात दोन्ही अंतरं सारखी हवीत. आम्ही अर्ध्या मिलिमीटरच्या वर फरक राहू देत नाही. मग मुख्य स्पारच्या लांबीत लाईनदोरी ताणून मध्ये झोल आहे का पाहा, असेल तर मधोमध जॅकचा टेकू द्या.

हे माप पत्र्याला हात लावण्याआधी, एका बाजूचा पत्रा क्लेकोने बसल्यावर आणि रिव्हेट सुरू करण्याच्या दिवशी सकाळी, असं तीनदा घ्यायचं. वरचा पत्रा रिव्हेट होऊन खालचा चढेपर्यंत पंख हाताने पिळता येतो. दोन्ही बाजू बंद झाल्या की तो पेटीसारखा कडक होतो आणि त्या क्षणी जो पीळ असेल तो जन्मभराचा. पिळलेला पंख विमान एका अंगाला झुकवत राहतो आणि वैमानिक सगळं उड्डाण काठी धरून बसतो.

रिव्हेट

हवेचा दाब ४० पीएसआयच्या आसपास, गन ३-एक्स जातीची. पाऊण सुताचा रिव्हेट ठोकण्याआधी पत्र्याबाहेर ३.६ मि.मी. निघालेला हवा, एक सुताचा ४.८, जाडीच्या दीडपट, हा नियम. ठोकल्यावर मागचं डोकं जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच. म्हणजे पाऊण सुताला ३.६ रुंद, १.२ उंच. लोखंडी पट्टीला भोकं पाडून मापाचा गेज करून घ्या. कमी ठोकलेला आणखी ठोकता येतो, जास्त चपटा झालेला परत येत नाही.

दोन माणसं लागतात: गनवाला बाहेर, आणि रिव्हेटच्या मागच्या टोकाला लोखंडी ठोकळा धरणारा ठोकळेवाला आत. आधी पन्नास रिव्हेट भंगार पत्र्यावर. शब्द तीनच ठरवा. ठोकळा नीट टेकला की आतला "लाव" म्हणतो, बाहेरचा "हाण" म्हणून घोडा दाबतो, आतल्याने "थांब" म्हटलं की सोडतो. गन थांबण्याआधी ठोकळा उचलायचा नाही, कधीच. ठोकळ्याशिवाय बसलेला एक फटका पत्र्याला असा पोचा पाडतो की पुट्टीखालीही तो लपत नाही. गनवाल्याने गन आधी टेकवून, स्प्रिंग दाबून मगच घोडा ओढायचा. बाप-लेक किंवा नवरा-बायको जोडी असेल तर रागाच्या दिवशी हे काम काढू नये, एवढं अनुभवी लोक सांगतात.

क्रम मधून बाहेर. मधल्या बरगडीच्या मधल्या रिव्हेटपासून सुरू करा आणि चारही दिशांना सरका, म्हणजे पत्रा कडेकडे मोकळा होत जातो. कडेकडून मध्ये आलात तर सैल जागा मध्ये अडकते.

मागचं डोकं वाकडं पडलं तर आधी ठरवा: काढायचा की राहू द्यायचा. थोडा तिरपा पण पूर्ण बसलेला रिव्हेट राहू द्या. तो काढताना भोक अंडाकृती झालं तर नुकसान त्याहून मोठं. काढायचाच असेल तर त्याच मापाचं ड्रिल घेऊन फक्त डोक्याच्या उंचीइतकं भोक पाडा. एडी रिव्हेटच्या डोक्यावरच्या खळग्यात ड्रिल आपोआप मध्ये बसतं; खळगा पुसट झाला असेल तर सेंटर पंच मारा. मग भोकात पंच घालून डोकं कडेला मोडा आणि मागून ठोकळ्याचा आधार देऊन दांडा बाहेर ढकला. दांडा ठोकून काढताना बरगडीची पट्टी वाकते, म्हणून आधार.

इंधनाची टाकी

पंखाच्या पुढच्या भागातच टाकी असते आणि ती पॉलिसल्फाइड सीलंटने बंद करतात. पांढरट मूळ लेप दहा भाग, काळा उत्प्रेरक एक भाग, वजनाने. अंदाजाने नाही. सोनाराचा छोटा काटा घ्या: ५० ग्रॅमला ५ ग्रॅम. पांढऱ्या रेघा पूर्ण जाईपर्यंत मिसळा. "बी-२" छापाला २५ अंशांवर दोन तास मिळतात, आणि दर पाच-सहा अंशांना ही वेळ साधारण निम्मी होते. ३५ अंशांवर हातात अर्धा तास. मेमध्ये डब्यातच घट्ट होईल. टाकी थंडीतच बांधा, मार्गशीर्ष-पौषात, आणि एका वेळी ५० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका. सीलंट फ्रिजमध्ये ठेवलं असेल तर डबा बंदच ठेवून आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर झाकण उघडताच आत दव धरतं.

प्रत्येक सांध्याला तीन थर असतात: पत्र्यांच्या मध्ये, रिव्हेटवर, आणि आतल्या कोपऱ्यात गोलाई देणारा. गळती होते ती बरगडीच्या नाकाशी आणि मागच्या पडद्याच्या कोपऱ्यांत. तिथे सीलंट भरण्यात कंजुषी नको.

आठवड्याने चाचणी. टाकीला साधारण १ पीएसआय दाब द्यायचा, म्हणजे ७० सेंटिमीटर पाण्याचा. मिस्त्रीची पारदर्शक पाणनळी इथे मापक होते. कॉम्प्रेसर जोडू नका, सायकलचा पंप घ्या. एवढ्याशा दाबानेही टाकीच्या एका बाजूवर पाचेकशे किलोचा भार येतो आणि २ पीएसआयला पत्रा कायमचा फुगतो. सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. रात्रभर ठेवणार असाल तर हे ध्यानात असू द्या: टाकीतली हवा दहा अंशांनी निवली तर दाब अर्ध्या पीएसआयने पडतो. संध्याकाळी भरून पहाटे पाहिलंत तर न गळणारी टाकीही गळकी वाटेल, आणि पहाटे भरून दुपारी पाहिलंत तर गळकी टाकीही ठणठणीत. दोन्ही वेळा तापमान सारखं असताना मोजा, ते लिहून, आणि मध्ये टाकी तापू देऊ नका.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट इथेच: पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं मिळतं, हलक्या विमानांच्या रोटॅक्स ९१२ इंजिनाला १० टक्क्यांपर्यंतच मान्यता आहे. इंजिन ठरवताना हा विचार करा, टाकी बांधून झाल्यावर नाही.

खालचा पत्रा बंद करण्याआधी

वायरींसाठी प्लास्टिकची नळी, पिटोची (हवेतला वेग मोजायची) नळी, एलरॉनचे (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीचे) ढकलदांडे आणि त्यांची दिशा वळवणारी बेलक्रँक, दोरखंड बांधायची कडी: सगळं आता. बोल्ट एएन ३ असेल तर २० ते २५ इंच-पाउंड, एएन ४ असेल तर ५० ते ७०. नायलॉनचा नट फिरवायला आधीच लागणारा जोर त्यात वेगळा मिळवायचा. ट्रॅक्टरवाल्याच्या टॉर्क पान्ह्याची सुरुवातच याच्या पुढे होते, त्याने आवळलात तर बोल्ट तुटेल. पाव इंची लहान टॉर्क पाना विकत घ्या. आवळून झालेल्या प्रत्येक नटावर रंगाचा ठिपका द्या. पंखाच्या सर्वांत खालच्या कडेची पाणी निघायची भोकं सीलंटने किंवा प्रायमरने बुजली नाहीत ना, ते तारेने तपासा. मग तुमच्याशिवाय दुसऱ्या माणसाला बॅटरी देऊन आत पाहायला लावा. हरवलेली क्लेको, सुटा रिव्हेट, पेन्सिल. डोळे नवे असले की सापडतात.

खालचा पत्रा हा सगळ्यांत अवघड, कारण ठोकळेवाल्याचा हात बरगड्यांच्या मधून कोपरापर्यंत आत जातो. सडपातळ मदतनीस शोधा. पत्रा एका कडेला बसवून पुस्तकाच्या पानासारखा थोडा थोडा लोटत न्यायचा.

काम थांबलेल्या दिवसांत पिटोच्या नळीला आणि टाकीच्या श्वासनळीला कापडी टोपी घाला. कुंभारीण माशी आठवडाभरात तिथे मातीचं घर करते आणि बाहेरून काही दिसत नाही. बरगड्यांच्या मोठ्या भोकांतून उंदीर शिरतो. त्याचं मूत्र आतल्या पत्र्याला खड्डे पाडतं, म्हणून मुळाकडची उघडी बाजू बारीक जाळीने झाका.

तयार पंख पुढची कड खाली करून, जाड फोमच्या दोन पाळण्यांत उभा ठेवा. कापसाची गादी घालू नका. पावसाळ्यात ती ओल धरते आणि कडेला चिकटून राहते. धावपट्टीकडे नेताना छोटा हत्ती पुरतो, पण पंख मागे बाहेर येतो, तेव्हा लाल कापड बांधा आणि निघण्याआधी बाहेरच्या टोकाखाली तिसरा पाळणा द्या. पट्टे आवळताना ते बरगडीवर येतील असे आवळा, दोन बरगड्यांच्या मधल्या पोकळ पत्र्यावर नाही.